‘जुनें’ ठरलेलें एक चिन्ह

वाक्यांत रिकामी जागा राखून तींत नांव किंवा आंकडा मागाहून बसवावयाचा, ही युक्ति संगणकाच्या भाषांना बाल्यापासून ठाऊक आहे. १९५७ च्या फोर्ट्रानमध्यें तिचें एक रूप आढळतें. पुढें ‘सी’ भाषेनें ‘प्रिंटएफ’द्वारां तिच्यासाठीं टक्क्याचें चिन्ह रूढ केलें, आणि गीदो व्हान रोसम यांची १९९१ त प्रसिद्ध झालेली पायथन भाषा याच वळणावर गेली. टक्क्यापुढें ‘एस्’ लिहिला कीं तेथें शब्द बसतो, ‘डी’ लिहिला कीं पूर्णांक.

सोय मोठी, पण तींत एक खोंच होती. बसवावयाची वस्तु स्वतःच ‘टपल’, म्हणजे अनेक मूल्यांचा जुडगा असली, तर भाषा तो जुडगा सोडून एकेक मूल्य एकेका जागेसाठीं आहे असें समजते. जागा एक, मूल्यें दोन, आणि कार्यक्रम थांबतो.

हे दोष ध्यानीं घेऊन २००६ त महिरपी कंसांची नवी पद्धति सुचविली गेली. ३ डिसेंबर २००८ रोजीं पायथनची ३.० ही आवृत्ति निघाली, तेव्हां पुढील आवृत्तींत टक्का त्याज्य ठरेल व यथावकाश भाषेंतून जाईल, असें जाहीर झालें. हस्तपुस्तिकेंतील त्याच्या प्रकरणाच्या मथळ्यावर ‘जुन्या’ हें विशेषण चढलें. मृत्युलेख तयार होता. मरण मात्र आलें नाहीं. भाषेच्याच नोंदवहीच्या ग्रंथसंग्रहांत, ‘लॉगिंग’मध्यें, संदेश त्याच पद्धतीनें लिहिले जात होते. इतकेंच नव्हे, तर २०१५ च्या ३.५ आवृत्तींत बाइटांच्या मालिकांसाठीं टक्का सन्मानानें परत आणावा लागला! आणि २०१६ च्या ३.६ मध्यें ‘एफ्’ अक्षरानें आरंभ होणारी तिसरीच पद्धति आली, तेव्हां कालची ‘नवी’ही जुनी झाली.

मध्यंतरीं हस्तपुस्तिकेनें मथळा बदलून तेथें ‘प्रिंटएफ-वळणाची’ असा शब्द घातला. आमच्या मतें हा बदल दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे. ‘जुनें’ हा शब्द वाचकाला केवळ दूर लोटतो. कुळाचें नांव त्याला कांहीं शिकवितें. नव्याची शिफारस जरूर करावी, दोषही उघड सांगावे, परंतु नियम पूर्ण द्यावे. कारण ते शोधीत येणारा बहुधा नवें लिहावयास नव्हे, दुसऱ्याचें लिहिलेलें वाचावयास आलेला असतो.

गेल्या वर्षीं आमचा एक विद्यार्थी प्रयोगशाळेचा जुना कार्यक्रम घेऊन आला. तपमान व दाब यांचा जुडगा छापतांना तो अडे. मुलगा हुशार, पण तें प्रकरण ‘जुनें’ म्हणून त्यानें उघडलेंच नव्हतें. आम्हीं तें त्याच्यापुढें ठेविलें. दहा मिनिटांनीं त्यानें जुडग्याभोंवतीं कंस घातला, आंत एक स्वल्पविराम दिला, आणि दोन्हीं आंकडे छापून आले.