बोटीत चढण्याआधीची रांग

कात्रजकरांचे आणि समुद्राचे नाते तसे लांबचेच. पाणी म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे तलाव येतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात ज्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरातल्या हौदांपर्यंत खेळवले, तो तलाव. पण अलीकडे आमच्या भागातली मंडळीही क्रूझवर जाऊ लागली आहेत. कोणी निवृत्तीनंतर, कोणी लग्नाच्या पन्नाशीच्या निमित्ताने. मला इतिहासाची आवड आहे हे ठाऊक असल्याने परत आल्यावर एक तक्रार हमखास माझ्याकडे येते. ‘‘बोट सुटणार संध्याकाळी, आणि आम्हाला दुपारीच बोलावून ठेवले. आधी सामानाची रांग, मग कागदपत्रांची, मग तपासणीची. एवढे करून बोटीत शिरलो, तर जॅकेट कसे घालायचे याची शाळा! हे सगळे कशासाठी?’’

प्रश्न रास्त आहे. बंदरावरच्या या रांगा कोणा एका साहेबाच्या डोक्यातून निघालेल्या नाहीत. त्यातल्या प्रत्येकीमागे काही ना काही घडून गेलेले आहे.

आधी बंदरापर्यंतची वाट पाहू. आज कात्रज चौकातून पहाटे गाडी काढली की बायपासने देहूरोड, तिथून एक्स्प्रेसवे आणि पुढे २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतू धरून सकाळीच मुंबईत पोचता येते. पूर्वी हे इतके सोपे नव्हते. साताऱ्याकडचा माणूस कात्रजचा घाट उतरून पुण्यात येई, पण पुढचा बोरघाट ही खरी परीक्षा होती. मुंबईची रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली, पुणे-खंडाळा गाडी १८५८ मध्ये सुरू झाली, आणि मधला घाट मात्र तसाच राहिला. तो पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी उतरायचा आणि खाली पुन्हा गाडी धरायची. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग पुरा झाला, तेव्हा कुठे पुणेकराला मुंबई बंदर जवळ आले.

बंदर जवळ आले, तरी धक्क्यावरचा पहिला अडसर सरकारचा नव्हता, समाजाचा होता. समुद्र ओलांडला की जात बाटते, ही समजूत पक्की होती. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा तरुण मुंबईहून विलायतेला निघाला, तेव्हा त्याच्या ज्ञातीच्या सभेने त्याला जातीबाहेर टाकले. एवढ्यावरही न थांबता, त्याला निरोप द्यायला जो धक्क्यावर जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरवला. म्हणजे त्या काळी बोटीत चढणारा तर गुन्हेगार होताच, पण धक्क्यावर उभे राहून हात हलवणाराही सुटत नव्हता! त्याच्या पाच वर्षे आधी, ७ एप्रिल १८८३ रोजी, आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांनी केवढा विरोध अंगावर घेतला असेल, हे यावरून ताडावे.

समाजाचा अडसर हळूहळू सैल झाला, आणि त्याच सुमारास सरकारी तपासणी आली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले, आणि पाठोपाठ तो पुण्यातही शिरला. मुंबईहून निघणारी बोट आपल्याकडे रोग आणील, या धास्तीने युरोपातली राष्ट्रे १८९७ मध्ये व्हेनिसला जमली. बोटीत चढण्यापूर्वी प्रवाशांची वैद्यकीय तपासणी त्यातून आली. त्याच वर्षी आपल्याकडे साथरोग कायदा झाला आणि बंदरातली जहाजे तपासण्याचा अधिकार सरकारला मिळाला. हाच कायदा २०२० मध्ये करोनाच्या साथीत पुन्हा बाहेर काढावा लागला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ‘डायमंड प्रिन्सेस’ ही क्रूझ जपानच्या योकोहामा बंदरात अडकून पडली. तिच्यावरच्या सुमारे ३,७०० माणसांपैकी सातशेहून अधिक जणांना लागण झाली. आरोग्याचा अर्ज भरताना आपण कंटाळतो, तेव्हा हे आठवावे.

पासपोर्टची रांग त्यानंतरची. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो सक्तीचा झाला, आणि १९२० च्या कायद्याने त्याला कायमचे रूप मिळाले. या कागदाची ताकद पुणेकरांनी लवकर अनुभवली. १९१८ मध्ये होमरूलची मागणी मांडण्यासाठी लोकमान्य टिळक सहकाऱ्यांसह विलायतेला निघाले. कोलंबोपर्यंत पोचलेही. तिथे सरकारने पासपोर्टच रद्द केले, आणि सगळ्यांना परत फिरावे लागले. पुढे त्याच वर्षी सप्टेंबरात चिरोल खटल्यासाठी टिळकांना जाता आले.

पण मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या शेवटच्या दोन गोष्टी. एक म्हणजे माणसांची मोजणी आणि दुसरी ती ‘जॅकेटची शाळा’.

आपल्या कोकणच्या बोटींचा काळ आठवा. भाऊच्या धक्क्यावर गाठोडी, ट्रंका, पोरेबाळे घेऊन माणसे पहाटेपासून ताटकळत. जिथे धक्का नसे तिथे पडावातून बोटीपर्यंत जायचे आणि कोणीतरी हात देऊन वर ओढून घ्यायचे. देशी भांडवलावर निघालेल्या एका कंपनीला तर लोक प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी बुडाल्या. तिचीच ‘रामदास’ ही बोट १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढ अमावास्येचा सुमार होता, आणि गावी जाणाऱ्यांची गर्दी होती. भर पावसात, मुंबईपासून काही मैलांवर, काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली. तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला पत्ता लागेपर्यंत दुपार टळून गेली होती. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले असताना कोकणातली कित्येक घरे अशी ओस पडली.

‘सहाशेहून अधिक’ असे मोघम मला म्हणावे लागते, यातच सारे आले. निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे आकडे मिळतात. आज क्रूझवर चढता-उतरताना दर वेळी आपले कार्ड यंत्रापुढे धरावे लागते. कोण आत आहे आणि कोण बाहेर, हे त्यामुळे क्षणात कळते. ‘रामदास’मधल्या माणसांना एवढे भाग्य लाभले नाही.

आता जॅकेटची शाळा. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली, तेव्हा तिच्यावर सुमारे २,२०० माणसे होती, आणि जीवरक्षक होड्यांत जागा होती ती १,१७८ जणांपुरती. पंधराशेच्या आसपास माणसे मेली. म्हणून १९१४ मध्ये लंडनला समुद्रावरच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढे प्रवाशांचा सराव चोवीस तासांत घ्यावा, असा नियम आला. चोवीस तास म्हणजे फार झाले असे कोणाला वाटले नाही. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली. रोमजवळच्या बंदरात त्याच संध्याकाळी चढलेल्या सुमारे सातशे प्रवाशांचा सराव दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. बोट सुटून तीन तासही झाले नव्हते. एकूण ३२ माणसे दगावली. त्यानंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून हा सराव बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच घ्यावा लागतो.

अलीकडच्या वर्षांत मुंबईहून देशांतर्गत क्रूझ सुटू लागल्या, आणि २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरला नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्‌घाटनही झाले. पुण्याहून जाणाऱ्यांची संख्या वाढेल, हे उघड आहे. त्यांना माझे एवढेच सांगणे, की दिलेल्या वेळेला पोचा. घाटात गाड्यांची रांग लागू शकते, हे धरून एक दोन तास हाताशी ठेवा. ओळखपत्र आणि औषधे मोठ्या बॅगेत टाकू नका, कारण ती बॅग खोलीवर यायला संध्याकाळ होते. आपल्या कार्डावर जमण्याच्या ठिकाणाची खूण असते, ती जागा जेवणाच्या हॉलआधी शोधा. सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याचा इशारा, हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा.

आणि जॅकेटची शाळा सुरू झाली की मोबाइल खिशात ठेवून दहा मिनिटे लक्ष द्या. त्या दहा मिनिटांची किंमत आपल्या आधी दुसऱ्यांनी चुकती केली आहे. त्यांतली कित्येक माणसे आपल्याच कोकणातली होती.