दवण्याच्या रानातील घरटी

भूमीच्या पोटात काय दडले आहे हे पाहण्याची माणसाची हौस फार जुनी आहे. पण भूमीच्या पाठीवर कोण अंडी उबवीत बसले आहे, हे पाहून मग पहार उचलावी, ही बुद्धी त्याला फार उशिरा सुचली. ती कशी सुचली, आणि सुचूनही पुरी का पडेना, याचा एक बोधप्रद इतिहास अमेरिकेतील वायोमिंग राज्यात घडला आहे.

वायोमिंगचा बराचसा भाग म्हणजे वाऱ्याने झोडपलेला उंचावरचा कोरडा माळ. त्यावर सेजब्रश नावाचे करड्या पानांचे झुडूप पसरले आहे. जोतिबाला आपण जो दवणा वाहतो, त्याच्याच कुळातले हे झुडूप! त्याच्या आश्रयाने सेज ग्राउज नावाचा, तित्तिराच्या कुळातला मोठा पक्षी राहतो. १८०५ साली लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने त्याची नोंद केली. हिवाळ्यात त्याचा आहार म्हणजे जवळजवळ केवळ याच झुडपाची पाने. वसंतात पहाटेच्या अंधारात नर ठरलेल्या मोकळ्या जागी जमतात, शेपटीचा पंखा उभारतात आणि छातीवरच्या पिवळसर पिशव्या फुगवून नाचतात. नाचाच्या या जागा वर्षानुवर्षे त्याच असतात. पुढे मादी एखाद्या झुडपाखाली जमीन किंचित उकरून सहा ते नऊ अंडी घालते आणि सुमारे चार आठवडे एकटीच ती उबवते. मातीशी मिळून गेलेला रंग आणि निश्चलपणा, एवढाच काय तो तिचा बचाव.

याच माळाखाली वायू आहे, कोळसा आहे, युरेनियम आहे. १८७२ साली अध्यक्ष ग्रँट यांनी सही केलेल्या खाणकायद्याने सरकारच्या खुल्या जमिनीवर खनिज शोधण्याचा आणि सापडल्यास हक्क सांगण्याचा अधिकार नागरिकांना दिला. १९८१ साली त्यावर नियमांचे बंधन आले खरे. तथापि पाच एकरांपर्यंत जमीन उकरणाऱ्या शोधकाने पंधरा दिवस आधी सूचना दिली की पुरे, अशी सवलत राहिलीच.

कोणी म्हणेल, चार छिद्रे पाडून यंत्र निघून गेले, तर पक्ष्याचे काय बिघडले? छिद्र बुजवता येते, हे खरे. परंतु यंत्र येते ते रस्ता करून येते. त्या रस्त्याखाली गेलेले सेजब्रश पुन्हा पूर्ववत व्हावयास कित्येक दशके लागतात. उंच मनोऱ्यांवर आणि खांबांवर बसून गरुड माळ न्याहाळतात, डोमकावळे अंडी हेरतात. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी नाचाच्या जागांवर नुसते ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून पाहिले. २०१२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की विंधणयंत्राच्या अखंड घरघरीने नरांची संख्या २९ टक्क्यांनी घटली आणि रस्त्यावरच्या वाहनांच्या मधूनमधून येणाऱ्या आवाजाने ७३ टक्क्यांनी! यंत्रापेक्षा यंत्राकडे जाणारी वाट अधिक घातक ठरली.

आरंभीचा उपाय सोपा होता. वायूच्या भाडेपट्ट्यांत नाचाच्या जागेभोवती पाव मैल मोकळा सोडावा आणि विणीच्या काळात दोन मैलांच्या आत काम थांबवावे, अशी अट असे. विहिरी जवळ येतात तसतसे नर कमी होत जातात आणि पाव मैल पुरत नाही, हे २००५ साली मॅथ्यू हॉलोरन यांच्या प्रबंधाने दाखवून दिले. जुलैत काम पुन्हा सुरू होई, विहीर कायमची राही, आणि पुढच्या वसंतात परतणाऱ्या मादीला ओळखीचा माळ उरत नसे.

पक्षी संकटग्रस्तांच्या केंद्रीय यादीत गेला, तर खाणी आणि चराऊ राने या दोहोंवर टाच येणार, ही धास्ती वायोमिंगला होती. म्हणून गव्हर्नर डेव्ह फ्रॉइडेन्थल यांनी गुरे पाळणारे, तेलवाले आणि पक्षीतज्ज्ञ यांना एकत्र बसवले. २००८ च्या हुकुमाने राज्याचा सुमारे चौथा हिस्सा गाभाक्षेत्र ठरला. त्यात राज्यातील ऐंशी टक्क्यांहून अधिक पक्षी येत होते. पुढे त्याला नेमकी कलमे जोडली गेली: नाचाच्या जागेभोवती सहा-दशांश मैल काहीही उभारू नये; १५ मार्च ते ३० जून या काळात विणीच्या रानात शोधकामही करू नये; उकरलेली जमीन पाच टक्क्यांवर जाऊ नये. २०१५ साली पक्षी यादीत घालण्याची गरज नाही, असा निर्णय केंद्राने दिला. त्याच वेळी सुमारे एक कोटी एकर जमीन नव्या खाणहक्कांना बंद करण्याचे योजले होते. पण सरकार बदलले आणि २०१७ साली तो बेत रद्द झाला.

रेषा कोठे आखावी, हा पेच आपल्यालाही नवा नाही. उघड्या जमिनीवर एकच अंडे घालणाऱ्या माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर-अहमदनगर भागात ८,४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य जाहीर झाले. गावे, शेते, वस्त्या सारे त्या रेषेत आले. शेतकऱ्याचा रोष पक्ष्यावर गेला, आणि २०१२ साली क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. जिचे बंधन ज्यांच्यावर पडणार त्यांनाच न विचारता आखलेली रेषा कितीही लांबरुंद असली, तरी घरट्याला कुंपण होत नाही.

पंचांग पाहून यंत्र थांबवले, तर यंदाची अंडी वाचतात. पुढच्या वर्षी मादी परत यावी असे वाटत असेल, तर मात्र पंचांगाबरोबर नकाशाही हवा, आणि सरकारे बदलली तरी तो नकाशा टिकावयास हवा. खनिज भूगर्भात कोट्यवधी वर्षे पडून आहे. त्याला चार महिने थांबणे जड जात नाही. चार आठवड्यांत फुटणारे अंडे मात्र थांबू शकत नाही.