दास म्हणजे कोण?

नव्या करारातील ‘दूलोस’ या ग्रीक शब्दास मराठी बायबलात ‘दास’ म्हणतात. दास म्हटले की आपल्याला कीर्तनातला नम्र भक्त आठवतो. परंतु रोमन राज्यात दूलोस म्हणजे धन्याच्या मालकीचा, विकता येणारा माणूस. मजुरीने राबणाऱ्यास ‘मिस्थोतोस’ हा निराळा शब्द होता. पौल स्वतःस ख्रिस्ताचा दूलोस म्हणवतो. पण माणसांचे दूलोस होऊ नये, असे करिंथच्या मंडळीस बजावतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपल्या पुस्तकास ‘गुलामगिरी’ हेच रोखठोक नाव दिले. तरी वेठबिगारी मोडण्याचा कायदा यायला १९७६ साल उजाडले. जिवतीच्या मजुरांना मी एवढेच सांगतो : मजुरी मागू शकतो तो मिस्थोतोस, तोंडच उघडता येत नाही तो दूलोस. त्याला दास म्हणून सोवळ्यात बसवू नका.