जावातली संत्री

आमच्या वरूडात पालक एक गोष्ट सर्रास बोलतात. प्रोग्रॅमिंग इंग्रजीत असतं, तेव्हा पोराला इंग्रजी शाळेतच घाला. मी मराठी माध्यमाचा बी. ए., जन्मभर इतिहास अन् मराठी शिकवलं. संगणकातला माझा अधिकार शून्य. पण पुण्याची नात नववीत जावा शिकते, सुट्टीत तिच्या पुस्तकात डोकावलो आणि या समजुतीचा इतिहास खणावासा वाटला.

आपल्या शाळांत संगणक आला तो १९८४-८५ साली, केंद्र सरकारच्या 'क्लास' नावाच्या प्रकल्पातून. निवडक शाळांना बीबीसी मायक्रो ही ब्रिटिश यंत्रं मिळाली. मेमरी ३२ केबी, भाषा बेसिक. कळफलकावर रोमनशिवाय दुसरं अक्षर नव्हतं. त्या काळापुरती पालकांची समजूत खरीच होती म्हणायची.

पुढची गोष्ट मात्र फार कुणी सांगत नाही. सन मायक्रोसिस्टम्स या अमेरिकन कंपनीत जेम्स गॉसलिंग आणि मंडळींनी १९९१ मध्ये एका नव्या भाषेचं काम सुरू केलं. खिडकीबाहेरच्या झाडावरून तिचं नाव ठेवलं ओक. (वरूडात असते तर काय ठेवलं असतं, सांगायला नको.) १९९५ मध्ये ती जावा नावाने जगापुढे आली. त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली होती आणि त्यातल्या देवनागरीची मांडणी आपल्या 'इस्की' या १९८८ च्या भारतीय प्रमाणावरून घेतलेली. जावाने पहिल्यापासूनच युनिकोड स्वीकारलं. म्हणजे चलाचं नाव देवनागरीत ठेवायला जावाची कधीच हरकत नव्हती!

माझा विश्वास बसेना. नातीने करूनच दाखवलं. एका चलाचं नाव 'झाडे', दुसऱ्याचं 'संत्री', गुणाकार केला, उत्तर बरोबर आलं. 'क्लास' आणि 'ऑब्जेक्ट' म्हणजे काय ते मला कळेना, तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, बहार हा क्लास. त्यात फूल कधी, फळ कधी, एवढे रकाने. आंबिया आणि मृग ही त्याची दोन ऑब्जेक्ट्स." आंबियाला फूल जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाला पावसाच्या तोंडी. रकाने तेच, आत भरलेलं वेगळं. बागाईतदाराच्या पोराला हे दोन मिनिटांत समजेल. पण तिच्या पुस्तकात देवनागरी नावांचा एका ओळीनेही उल्लेख नाही.

शिवाय जावा पोचली ती मुख्यतः आयसीएसईच्या नववी-दहावीत. आपल्या राज्य मंडळाच्या संगणकशास्त्रात अकरावी-बारावीला वर्षानुवर्षं सी प्लस प्लस, आणि जोडीला इंटेलचा ८०८५, जो १९७६ चा! मराठीतून जावा ऐकायची असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे छोटे धडे आहेत, फुकट. त्यांचं मला फार कौतुक वाटतं.

आता कुणी म्हणेल, नावं मराठीत ठेवली तरी 'पब्लिक', 'स्टॅटिक', 'व्हॉइड' इंग्रजीच की. खरं आहे. पण असे राखीव शब्द जेमतेम पन्नास. 'स्विच', 'ब्रेक', 'रिटर्न' हे तर आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही येतात. शब्दांनी पोर अडत नाही. अडतं ते चूक झाल्यावर यंत्र जे सांगतं तिथे. ते कळलं नाही की पोराला वाटतं, आपल्याला गणितच येत नाही. या सूचना जपानी आणि चिनी भाषांत तयार मिळतात, मराठीत नाहीत.

म्हणून सध्या रोज दुपारी दोन-तीन सूचनांचं मराठी वहीत उतरवतो आहे, गल्लीतल्या मुलांसाठी. 'कॅननॉट फाइंड सिंबल'ला मी 'चिन्ह सापडत नाही' असं लिहिलं होतं. नातीने ते खोडून लिहिलं, "हे नाव तू आधी सांगितलंच नाहीस."