एकशें एकोणतीस ढालकिडे

राजेरजवाड्यांच्या स्वाऱ्या आम्ही बाळपणापासून पाठ करतों. परंतु मसुराच्या दाण्याहूनही लहान अशा एका किड्याच्या स्वारीनें एका प्रांताच्या बागा वांचविल्या, ही हकीकत आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

कॅलिफोर्नियांत मेन्लो पार्क येथें १८६८ मध्यें बाभळीच्या जातीच्या झाडांवर एक पांढरी कीड दिसली. मागें कापसाच्या गादीसारखी पिशवी, तींत शेंकडों अंडीं, आणि उपजीविका झाडाच्या रसावर. वीस वर्षांच्या आंत तिनें लॉस एंजलिसकडील संत्र्यांच्या बागा अशा ग्रासल्या कीं, कित्येकांनीं हातचीं झाडें उपटून जाळलीं. फवारे व्यर्थ गेले. कॉकिलेट या कीटकशास्त्रज्ञानें १८८६ मध्यें झाडावर तंबू घालून आंत विषारी वायु सोडण्याची युक्ति काढली. पण ती खर्चाची.

सरकारी कीटकशास्त्र-खात्याचे मुख्य रायली यांनीं वेगळा विचार केला. कीड मूळची ऑस्ट्रेलियाची. मग तेथें तिचा असा उच्छाद कां नाहीं? तिला खाणारें कोणी तरी तेथें असलेंच पाहिजे. परंतु त्यांच्या खात्यांतील माणसांच्या परदेशगमनास कायद्याची आडकाठी! अखेर १८८८ च्या मेलबोर्न प्रदर्शनाचें निमित्त करून, दुसऱ्या खात्याच्या पैशानें, अल्बर्ट कोबेले यांस पाठविण्यांत आलें. सरकारी नियमांतून वाट काढणें हीही एक विद्याच आहे, आणि ती कोणत्याही विद्यापीठांत शिकवीत नाहींत.

कोबेले गेले होते एका माशीच्या शोधार्थ. ॲडलेडच्या क्रॉफर्ड यांनीं ती माशी या किडीच्या अंगांत वाढतांना पाहिली होती. माशी मिळाली, पण ऑक्टोबरांत उत्तर ॲडलेडच्या एका बागेंत त्या किडीवर ताव मारीत असलेला तांबडा-काळा ढालकिडाही त्यांच्या नजरेस पडला. तोही बोटीनें निघाला. तीन खेपांत २८, ४४ आणि ५७, मिळून अवघे १२९ ढालकिडे जिवंत पोंचले. कॉकिलेटनें ते एका संत्र्याच्या झाडावर तंबूंतच सोडले. पूर्वीं विषाकरितां घातला जाणारा तंबू आतां बाळंतिणीची खोली झाला, याची आम्हांस मोठी मौज वाटते. १८८९ च्या एप्रिलमध्यें तंबू उघडला; जूनपर्यंत २०८ बागाइतदारांस १०,५५५ ढालकिडे वांटून झाले. एका वर्षांत त्या जिल्ह्यांतून बाहेर जाणाऱ्या संत्र्यांच्या वाघिणी ७०० वरून २,००० वर गेल्या.

बागाइतदारांनीं कोबेले यांस सोन्याचें घड्याळ व त्यांच्या पत्नीस हिऱ्यांचीं कर्णभूषणें दिलीं. रायली यांच्या वांट्यास बव्हंशीं श्रेयाचा वादच आला. आमच्या मतें हा अन्याय होय. शोधणारे डोळे कोबेले यांचे खरे, पण कोठें शोधावें हें रायली यांनीं ओळखलें होतें.

हीच कीड १९२८ मध्यें आपल्या निलगिरींत आढळली, तेव्हां येथेंही हेच ढालकिडे बाहेरून आणून सोडण्यांत आले. कॅलिफोर्नियाला मात्र त्यांचा विसर पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर सान व्हाकीन खोऱ्यांतील बागांवर डी. डी. टी. चा मारा सुरू झाला. ढालकिडे मेले, कीड राहिली. तेव्हां अर्धशतकापूर्वीं बोटीनें आलेल्या त्या पाहुण्यांचे वंशज बागाइतदारांस पुन्हां दुसरीकडून आणवावे लागले.