चांदीची बुलियन आणि प्रूफ नाणी : संग्रह व जतन

गुंतवणुकीसाठी किंवा संग्रहासाठी सरकारी टाकसाळीने पाडलेली, सहसा व्यवहारात न फिरणारी चांदीची नाणी. बुलियन आणि प्रूफ ही दोन्ही पुष्कळदा एकाच वजनाची आणि एकाच चित्राची असतात. फरक कळतो तो विकायला नेल्यावर. बुलियन नाण्याला त्या दिवशीच्या चांदीच्या भावाप्रमाणे पैसे मिळतात. प्रूफ नाण्याची किंमत त्याच्या पृष्ठभागावर आणि ते किती कमी संख्येने निघाले यावर ठरते. सराफांकडे मिळणारी लक्ष्मी-गणपतीची चांदीची ‘नाणी’ या दोन्हींत मोडत नाहीत. त्यांच्यावर दर्शनी किंमत नसते. कोशाच्या भाषेत ती पदके होत.

बुलियन नाण्यांचे प्रचलित माप म्हणजे एक ट्रॉय औंस, अर्थात 31.1 ग्रॅम. मेक्सिकोचे ‘लिबर्टाड’ 1982 मध्ये आले, अमेरिकेचे ‘सिल्व्हर ईगल’ 1986 मध्ये, तर कॅनडाचे ‘मेपल लीफ’ 1988 मध्ये. ‘ईगल’ची शुद्धता 99.9 टक्के, ‘मेपल लीफ’ची 99.99 टक्के. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवला जाणारा राणीछाप रुपया मात्र चलनी नाणे होता : वजन एक तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, चांदी सुमारे 91.7 टक्के. 1940 मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली आणि 1947 मध्ये तो निकेलचा झाला.

प्रूफ हे पाडण्याच्या पद्धतीचे नाव आहे. ठसे आणि कोऱ्या चकत्या आधी घासूनपुसून चकचकीत करतात आणि प्रत्येक चकतीवर एकाहून अधिक वेळा दाब देतात. त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी लख्ख दिसते आणि उठावाचे चित्र दुधी, खरबरीत राहते. कमी संख्येचा परिणाम पाहायचा तर 1995 चे, ‘डब्ल्यू’ हे टाकसाळचिन्ह असलेले प्रूफ ‘ईगल’ पाहावे. ते सुटे विकलेच नाही. चार सोन्याच्या नाण्यांचा संच घेणाऱ्यांनाच मिळाले. एकूण 30,125 नाणी निघाली, आणि आज त्या मालिकेत सर्वाधिक मागणी त्यालाच आहे.

भारतात प्रूफ संचांसाठी मुंबईच्या फोर्टमधली टाकसाळ ओळखली जाते. गांधी जन्मशताब्दीचे 1969 चे दहा रुपयांचे नाणे 15 ग्रॅमचे, 80 टक्के चांदीचे होते. नव्या संसद भवनानिमित्त 2023 मध्ये काढलेले 75 रुपयांचे नाणे 35 ग्रॅमचे असले, तरी त्यात चांदी निम्मीच. उरलेले तांबे, निकेल आणि जस्त. असे नाणे चांदीच्या भावाने मोजून विकणाऱ्याचा तोटाच होतो.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे. पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो : आधी पिवळसर, मग तपकिरी-निळा, शेवटी काळा. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद यांतूनही गंधक लागते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात वर्षानुवर्षे राहिलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. तो शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढतात. अ‍ॅसिटोन चांदीला लागत नाही, पण ते पेट घेते, म्हणून खिडकी उघडी आणि शेगडी दूर हवी.

दिवाळीआधी चांदीची भांडी चिंच, राख किंवा टूथपेस्टने घासतात. नाण्याला हा उपाय लावू नये. प्रूफ नाणे दिव्याखाली तिरपे धरले की मऊ फडक्याने एकदा पुसल्याच्याही केसासारख्या रेघा आरशावर उमटलेल्या दिसतात, आणि त्या कधीच जात नाहीत. उलट सावकाश चढलेल्या इंद्रधनुषी रंगछटेसाठी काही संग्राहक जास्त पैसे मोजतात. बुलियन नाण्यांवर कधी दुधासारखे पांढरे ठिपके उमटतात. त्यांचे मूळ बहुधा टाकसाळीतच असते; कॅनडाच्या टाकसाळीने त्यांवर उपाय म्हणून 2018 पासून ‘मिंटशील्ड’ ही प्रक्रिया वापरात आणली.

खरेखोटे पारखताना वजन, व्यास आणि जाडी तिन्ही मोजावीत. ‘ईगल’चा व्यास 40.6 मिलिमीटर असतो. हलक्या धातूचे बनावट नाणे या आकारात वजनाला कमी भरते. चांदीची घनता दर घन सेंटिमीटरला 10.49 ग्रॅम आहे आणि चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही. तांबे-पितळही चिकटत नाही, त्यामुळे चुंबक एकटा पुरावा ठरत नाही. महागड्या नाण्यांची पारख ‘एनजीसी’ आणि ‘पीसीजीएस’ या अमेरिकी संस्था करतात : 1 ते 70 गुणांची श्रेणी देऊन नाणे बंद प्लास्टिकमध्ये सील केले जाते.

घरी ठेवताना नाणे कडेने धरावे, बिनपीव्हीसी हवाबंद कॅप्सूलमध्ये घालावे आणि कोकणासारख्या दमट हवेत डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवून ती वेळोवेळी बदलावी. प्रूफ नाण्याची मूळ डबी आणि प्रमाणपत्र टाकून देऊ नये. त्यांच्याविना आलेल्या नाण्याला खरेदीदार कमी भाव देतो.