ग्रहांचें उच्चत्व आणि ग्रहांचें तेज

महाडाहून महाबळेश्वराच्या वाटेवर लागणाऱ्या पोलादपुरांत कवींद्र परमानंदाची समाधि आहे. या कवीच्या 'शिवभारत' काव्यांत शिवछत्रपतींचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजीं झाल्याचें सांगितलें असून, त्या समयीं पांच ग्रह उच्चीचे होते असेंही म्हटलें आहे. 'उच्चीचा' हा शब्द ऐकतांच तो ग्रह आकाशांत झळाळत असेल, अशी पुष्कळांची समजूत होते. या दोन गोष्टी मुळांत भिन्न आहेत, इतकेंच आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

उच्चत्व राशीवरून ठरतें. रवीचें उच्च मेष; फाल्गुनांत रवि तेथें नसतो. बुधाचें उच्च कन्या. पण बुध रवीपासून सुमारें २८ अंशांहून दूर जात नाहीं, म्हणून तोही गेला. चंद्राचें उच्च वृषभ. वद्य तृतीयेचा चंद्र त्या मासीं कन्येच्या आसपास असावयाचा. सातांतून तीन वजा जातां चारच उरतात, आणि राहुकेतु तर डोळ्यांस दिसतच नाहींत. मग पांच आले कोठून? कालिदासानें रघूच्या जन्मकाळींही पांचच ग्रह उच्चीचे सांगितले आहेत. परमानंदानें कविसंप्रदाय पाळला; त्यास दोष देण्याचें कारण नाहीं. मात्र त्या श्लोकास इतिहासाचा पुरावा मानूं नये.

तेजाची गोष्ट निराळी. कालिदासानें ते ग्रह सूर्याजवळ गेलेले नव्हते, असेंही सांगितलें आहे. सूर्यप्रकाशांत लोपलेला ग्रह उच्चीचा असला तरी डोळ्यांस नाहींसाच. तो केव्हां लोपतो हें मोजण्यास आमच्या ज्योतिष्यांनीं 'कालांश' योजिले. एक कालांश म्हणजे चार मिनिटें. सूर्यसिद्धांतांत गुरूस ११, शनीस १५ आणि मंगळास १७ कालांश दिले आहेत. शुक्रास मात्र बिंब मोठें असतां ८ व लहान असतां १० पुरतात. ग्रह जितका तेजस्वी, तितका तो सूर्याच्या अधिक जवळ असतांही दिसतो. दुर्बिणीवांचून केलेलें हें तेजाचें मापच नव्हे काय? मंगळ पृथ्वीपासून कधीं साडेपांच कोटी, तर कधीं चाळीस कोटी किलोमीटर दूर असतो. तेव्हां मकरेंत उच्चीचा असूनही तो निस्तेज दिसूं शकतो.

शके १५७५ मध्यें कृष्ण दैवज्ञानें 'करणकौस्तुभ' रचिला. गणित सुगम असावें आणि तें प्रत्यक्ष आकाशाशीं जुळावें, अशा ग्रंथाची आज्ञा शिवाजीराजांनीं केली, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. पुढें महाडाजवळच्या रायगडावर ज्यांस अभिषेक झाला, त्या राजांचा थोरपणा आम्हांस पांच उच्च ग्रहांपेक्षां या आज्ञेंत अधिक दिसतो.